चाकाखालचा दगड

नथूतात्या गाडीला भ्यायचे. कुणी कुत्र्याला भितं, कुणी सापाला भितं, तसे. आणि तरीही पौडपासून चांद्यापर्यंत कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की तो आधी त्यांच्याच दारात जायचा. हे मला प्रथम कळलं तेव्हा मी चांगला मोठ्यानं हसलो होतो. पोहणं शिकायला पाण्याला भिणाऱ्या माणसाकडे जायचं म्हणजे कमालच, असंही काहीतरी बोललो होतो. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

मी परभणीकडचा. दोन हजार दोनच्या सुमारास हिंजवडीत संगणकाची नोकरी लागली आणि बायको वैशाली, तीन वर्षांची मुक्ता आणि चार ट्रंका घेऊन मी जवळच्याच चांदे गावात एका शेठच्या दोन खोल्यांत राहायला आलो. तेव्हा चांदे म्हणजे भाताची खाचरं आणि त्यांच्या मधेच उगवलेली, अजून गिलावा न झालेली घरं. ऑफिसात प्रशांत नावाचा नागपूरचा मित्र होता. त्याला जुन्या जीपचं वेड. मुळशीकडे एक जीप विकायला आहे असं कळल्यावर तो मला ओढून घेऊन निघाला, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी बजावलं म्हणून आम्ही पौडजवळच्या वाडीत नथूतात्यांना घ्यायला गेलो. घ्यायला गेलो खरे, पण ते आमच्या रिक्षात बसायलाच तयार होईनात.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी येतो चालत."

तीन किलोमीटर ते चालत आले. समोरून ट्रक आला की हा माणूस रस्ता सोडून सरळ शेतात उतरायचा, ट्रक पार दिसेनासा झाला की मगच वर यायचा. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, पायजम्याच्या खिशात काहीतरी जड लोंबतंय. पौडला बावीस वर्षं गॅरेज चालवून त्यांनी ते एका दिवसात बंद केलं होतं, पण नखांतलं काळं काही गेलं नव्हतं.

जीप सपाट अंगणात उभी होती. गिअरमध्ये टाकलेली, हँडब्रेक ओढलेला. तरी तात्यांनी आधी काय केलं, तर कुंपणाचे चार दगड उचलून आणले आणि एकेका चाकाला एकेक लावला. जीपचा मालक हसायला लागला.

"आवं तात्या, पळून जाती काय ती?"

"गेली तर?" तात्या म्हणाले. चेष्टेत नाही. त्यांचा चेहरा खरोखरच भ्यालेला होता.

मग ते लांबून एक फेरी मारून आले. बैलाच्या मागनं जाऊ न्हाई आन् गाडीच्या म्होरनं जाऊ न्हाई, हा त्यांचा नियम. त्यानंतर खिशातलं ते जड बाहेर आलं. भोंग्यातला जुना लोहचुंबक, मोज्यात घालून दोरीला बांधलेला. तो त्यांनी जीपच्या अंगावरून हळूहळू सरकवत नेला. पत्र्याला चुंबक चिकटतो. पण पत्रा सडला किंवा चेपला, आणि त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, थापून वरून रंग मारला, तर तिथे तो सुटून पडतो. रंगाला डोळे फसतात, चुंबक फसत नाही. सायकलच्या चाकाची एक तार घेऊन त्यांनी खालचा पत्रा टोचून पाहिला. पायाखालची मॅट उचलून वास घेतला. गाडीचं पुस्तक मागून घेतलं, इंजिनाजवळच्या नंबराच्या पट्टीवर कागद धरून वरून पेन्सिल घासली, आणि उमटलेला आकडा पुस्तकातल्या आकड्याशी एकेक बोट ठेवून ताडून पाहिला. अक्षरं त्यांना जेमतेम यायची, आकडे मात्र पक्के.

हे सगळं झाल्यावर त्यांनी मालकाला काहीच विचारलं नाही. ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या त्याच्या आईपाशी जाऊन उकिडवे बसले.

"म्हातारे, ह्या गाडीनं कुणाला रडवलंय का गं कवा?"

"न्हाई बाबा, लई गुणाची," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "गेल्या साली नदीत बुडाली. दोन दिस पाण्यात व्हती, तरीबी चालू झाली बघा!"

मालकाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. तेवढ्यात आतून चहा आला. प्रशांतनं घेतला, मी घेतला. तात्यांनी हात जोडले आणि माठातलं पाणी मागून घेतलं. "बघू, कळवत्याल ही मान्सं," एवढंच म्हणून उठले. निकाल कधीच विकणाऱ्याच्या दारात द्यायचा नाही, ही त्यांची रीत. पार वेशीबाहेर आल्यावर त्यांनी प्रशांतला दोन शब्दांत सांगितलं, "घिऊ नगा."

परतताना मीही त्यांच्याबरोबर चालत निघालो. चहा का नाही घेतला, असं मी सहज विचारलं. पित्ताचा त्रास असेल, अशी माझी समजूत.

ते रस्त्याकडे बघतच म्हणाले, "ज्याचा चहा पिला, त्याच्या वस्तूला नाव ठिवता येत न्हाई. आमच्यात तसं हाय. मानूस आडतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी एका दमात सांगतो, कारण त्यांनीही ते एका दमातच सांगितलं होतं. त्यांचा मेहुणा दत्तू एक जुनी मोटार घेत होता. बघायला तात्या गेले. विकणारा ओळखीचा, जेवल्याशिवाय सोडीना. जेवण झालं, वर चहा झाला, आणि हात धुवायला उठले तेव्हा तात्यांना गाडीखाली ब्रेकच्या नळीला मारलेला जोड दिसला. आता त्याच्या घरचं अन्न पोटात असताना त्याच्या तोंडावर कसं बोलायचं? तात्या म्हणाले, "चालंल." पुढे नळी बदलून घेऊ, असं मनात ठेवलं. चौथ्या दिवशी दत्तू ताम्हिणी घाट उतरत होता.

"गाडी काढली वर. साखळ्या लावून," तात्या म्हणाले.

दत्तूचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गॅरेज बंद पडलं ते त्याच दिवशी. त्यांच्या घरी चहा होत नाही, हे मला नंतर कळलं. तो तात्यांनी सोडलेला नव्हता, त्यांच्या बायकोनं बंद केला होता. दत्तू तिचा पाठचा भाऊ. ती तात्यांना एका शब्दानंही कधी बोलली नाही, फक्त चुलीवर चहाचं आधण पुन्हा ठेवलं नाही. मी दोन-तीनदा त्यांच्या घरी गेलो, दर वेळी ताक मिळालं.

पुढच्या वर्षभरात ऑफिसातल्या चार-पाच जणांसाठी मी तात्यांना घेऊन गाड्या बघितल्या. म्हणजे गाड्या त्यांनी बघितल्या, मी दगड आणून दिले. कुणी घाई करू लागलं की ते म्हणायचे, "गाडी थांबलीया तवर इचार करा, चालाय लागल्यावर ती करू देत न्हाई." कागदपत्रं दाखवून कुणी जास्तच मिरवू लागला तर म्हणायचे, "कागूद खोटं बोलत न्हाई सायेब, पर इचारलं तेवढंच बोलतो." त्यांनी नको म्हटलेली गाडी कुणी घेतली नाही. खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्या ज्ञानावर नाही, त्यांच्या भीतीवर विसंबून होतो. गाडी चांगली निघाली की त्यांच्या कपाळावरची एक शीर खाली बसायची. आम्ही त्या शिरेकडे बघत राहायचो.

आणि मग माझी पाळी आली.

आमच्या घरमालक शेठकडे एक लँडमास्टर मोटार होती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची, गोल डोळ्यांची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. जमीन विकल्यावर हौसेनं पुण्यातल्या एका दलालाकडून त्यांनी ती आणली होती, आणि तालुक्यातल्या निम्म्या नवरानवरींची वरात तिच्यातून निघाली होती. गोठ्यातली जनावरं बाहेर काढून तिथे तिला ठेवलं होतं. येताजाता मी तिच्याकडे बघायचो. माझे वडील, अण्णा, परभणीच्या एका डॉक्टरांकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते, आणि ती गाडी अगदी अशीच होती. तीस वर्षांत अण्णा मागच्या सीटवर एकदाही बसले नव्हते. आणि समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. एकदा जेवताना मी वैशालीला म्हणालो, लँडमास्टर घ्यायची, अण्णांना मागे बसवायचं, मुक्ताला त्यांच्या शेजारी, आणि ताम्हिणीतून खाली थेट समुद्रावर. म्हणालो तेव्हा गंमत होती. पंधरा दिवसांत त्याचं वेड झालं. शेठ विकायला तयार झाले, आणि मी गाढवानं गाडी बघण्याआधीच अण्णांना फोन करून सांगून टाकलं. त्यांनी सबंध गल्लीला सांगितलं.

तात्यांना सांगायला गेलो, तर त्यांचा चेहरा उतरला. कारण शेठ म्हणजे त्यांचे व्याही. त्यांची नंदा शेठच्या थोरल्याला दिलेली.

"दुसरं कुनी बघा की सायेब," ते म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.

"तुमच्याशिवाय मी घेणार नाही," मी म्हणालो. हा माझा शहाणपणा.

ते आले. चालतच. शेठच्या घरी त्यांना एक सोय होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी त्यांच्याकडची जुनी रीत, आणि तात्यांनी ती सहा वर्षं कसोशीनं पाळली होती. पण महिन्यापूर्वीच नंदाला मुलगा झाला होता. बारशाचा मांडव अजून उतरायचा होता. हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांच्या आलं असणार, कारण अंगणात पाऊल टाकताना त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

चार चाकांना चार दगड लागले. चुंबक बाहेर आला. बॉनेट, पुढचे मडगार्ड, पुढची दारं, सगळीकडे चिकटला. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबापाशी आला आणि टपकन पडला. तात्यांनी उचलून पुन्हा लावला. पुन्हा पडला. ते पलीकडच्या बाजूला गेले, लांबून, मागून. तिथेही त्याच जागी पडला. मग त्यांनी मॅट उचलून खालच्या पत्र्यावर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चुंबक सरकवत नेला. तो कुठेच धरेना. मी उभा राहून बघत होतो आणि मला वाटत होतं, एवढी जुनी गाडी, थोडी लांबी असायचीच.

नंबराचा ठसा पुस्तकाशी तंतोतंत जुळला. "बघा!" शेठ म्हणाले. ते मनापासून खूष झाले. मग तात्यांनी मधोमध जॅक लावून गाडी थोडी उचलली आणि मागचं दार उघडून लावून पाहिलं. दार लागेना. जॅक उतरवला, दार लागलं. पुन्हा चढवला, पुन्हा लागेना. त्यांच्या कपाळावरची शीर एवढी फुगली होती की मला ती लांबून दिसत होती.

"शेठ, हिनं कुणाला रडवलंय का कवा?" तात्यांनी विचारलं.

"हिनं? शंभर नवऱ्या रडवल्यात हिनं!" शेठ खदखदून हसले. मीही हसलो.

मग चालवून बघायची. तात्या एरवी गाडीत बसायचे नाहीत, बाहेर उभं राहून आवाज ऐकायचे. त्या दिवशी ते आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसले. मी चालवायला, शेजारी शेठ. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. लवळ्याच्या उतारावर एक डावं वळण आहे. मी वळलो, आणि उजव्या बाजूचं मागचं दार कुणीही हात न लावता आपोआप उघडलं.

आरशात मला तात्या दिसले. दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरलेली, पाय पत्र्यात रोवलेले, डोळे त्या उघड्या दारातून मागे पळणाऱ्या रस्त्यावर खिळलेले. ओरडले नाहीत. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. आयुष्यात मी माणूस इतका भ्यालेला पाहिला नाही. मी गाडी थांबवेपर्यंत ते दार झोके घेत होतं.

"कडी ढिली हाय जरा," शेठ म्हणाले. "दोन रुपयाचा खिळा मारला की झालं."

आणि मी त्यावरही विश्वास ठेवला. माणसाला एखादी गोष्ट हवी असली की तो कशाकशावर विश्वास ठेवतो!

तात्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं. "सायेब," ते हळूच म्हणाले, "हितं पोरगी बसणार ना तुमची?"

"हो, आणि पलीकडे अण्णा," मी म्हणालो.

घरी आलो तर नंदा पदर खोचून ओसरीवर उभी होती, हातात ताट, ताटात कपबश्या. मागे पाळण्यात बाळ. शेठ खुर्चीवर बसत म्हणाले, "या व्याही. आता नातू झाला. आता काय सबब सांगता? सहा वर्सं आमच्या घरचं पाणी न्हाई घेतलं तुमी. आज लेकीच्या हातचा चहा न्हाई म्हनून दाखवा."

नंदा ताट धरून उभी राहिली. तिची नजर बापाच्या तोंडावर होती. सहा वर्षं तिनं त्या घरात काय ऐकून घेतलं असेल, बापानं कप हातात घ्यावा असं तिला किती वाटत असेल, ते मला तेव्हाही दिसलं. आणि मला भीती वाटली. तात्यांनी चहा घेतला तर त्यांचं तोंड बंद होणार, हे मला माहीत होतं. मला खरं काय ते कळणार नाही, याची ती भीती. पण तिच्या तळाशी आणखी एक भीती होती, ती आज कबूल करतो. ते खरं बोलतील आणि माझी गाडी जाईल, याची.

तात्यांनी कप उचलला. त्यांनी एकदा पाळण्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि चहा प्यायले. फुंकर न मारता, उभ्यानं, औषध घ्यावं तसा. नंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं पदरानं टिपलं.

"आता बोला," शेठ म्हणाले. "कशी हाय गाडी?"

"चांगली हाय," तात्या म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. मी शेठच्या हातात हात द्यायला पुढे झालो, तोच तात्या पुढे म्हणाले, "लई चांगली हाय. मीच घेतो."

शेठ जोरात हसले, त्यांना वाटलं चेष्टा. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. "घरची वस्तू भाहेर कशाला? सोयऱ्याकडं ऱ्हाईल. ह्यांनी जे देऊ केलंय तेच मी देतो. सायबांना सांगा, पावणा आडवा आला." शेठना यात मान वाटला. व्याही, तोही तालुक्यात गाड्या पारखणारा, आपली गाडी घेतोय म्हणजे गाडी नामीच असणार. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

मी तात्यांना काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, दगड उचलून कुंपणाला लावले आणि निघून गेले.

पुढच्या बुधवारी ते गाडी न्यायला आले, बैलजोडी घेऊन. शेठ म्हणाले, माझा ड्रायव्हर आणून सोडतो. तात्यांनी ऐकलं नाही. तिला चालू म्हणून करू दिली नाही. चांद्यापासून त्यांच्या वाडीपर्यंत ती वरातीची गाडी दिवसभर बैलांनी ओढत नेली. पुढे बैलांचा मालक, स्टिअरिंग धरायला एक गावकरी, आणि मागे, एका हातात मोठा दगड घेऊन, तात्या. उतार आला की दगड चाकाखाली. लोक घराघरांतून बाहेर येऊन हसत होते. मी खिडकीतून बघत होतो आणि मला हसूही आलं नाही, इतका मी संतापलेला होतो. त्यांनी त्यासाठी घरच्या दोन्ही म्हशी विकल्याचं कळलं, तेव्हा मी वैशालीला म्हणालो, हाव बघ माणसाची.

पाच महिने मी पौडच्या दिशेला फिरकलो नाही. ऑफिसात कुणी गाडी बघायचं नाव काढलं की मी म्हणायचो, त्या म्हाताऱ्याला नेऊ नका, चांगली दिसली तर तोच घेऊन जाईल.

दिवाळीला अण्णा आले. गाडीचं काय झालं ते मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून तयार होऊन बसले.

"कामून रुसून बसला रे त्या माणसावर?" ते म्हणाले. "गाडी नाही तर नाही. बघाया तर जाऊ. तसली गाडी डोळ्यानं पाहून वीस वर्षं झाली."

नाही म्हणता येईना. गेलो. तात्यांचं घर वाडीच्या टोकाला. अंगणात शिरलो आणि मी जागीच थांबलो.

लँडमास्टरचे दोन तुकडे होते. पुढचा अर्धा भाग म्हशींच्या रिकाम्या दावणीपाशी, मागचा अर्धा आंब्याखाली. मधून सरळ चिरल्यासारखे.

तात्या परसातून आले. आम्हाला बघून टोपी सारखी केली. मी काही विचारायच्या आत अण्णा पुढे झाले आणि त्या तुटलेल्या कडेवरून बोट फिरवू लागले. मग खाली बसून पत्र्याखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दोन गाड्या," अण्णा म्हणाले.

"व्हय," तात्या म्हणाले. "येका गाडीचं म्होरलं, दुसरीचं मागलं. दोनी कुटंतरी आपटल्याल्या. जोडून यक केली. ट्रकाला हाडं येगळी आसत्यात, कातडं येगळं. हिला पत्रा त्योच हाडं. त्योच तोडून डकवला, वर लांबी भरली, वर रंग."

"पण नंबर..." मी म्हणालो. "नंबर जुळला होता. कागद बरोबर होते."

"म्होरल्या अर्ध्याचं कागूद बरोबरच हायेत की," तात्या म्हणाले.

"तुम्ही कापली?"

त्यांनी मान हलवली. "लांबी खरवडली. चार जागी निसता वेल्डिंगचा टाका व्हता. दोन टाक्यांना कानस लावली आन् मधी जॅक चढवला. बाकीचं तिचं तीच सुटलं. लांब पळालो मी."

मला लवळ्याचं वळण आठवलं. झोके घेणारं दार आठवलं. मग ताम्हिणी आठवली, जिथे मी अजून गेलोच नव्हतो. पुढच्या अर्ध्यात मी आणि वैशाली, मागच्या अर्ध्यात अण्णा आणि मुक्ता. मी तिथेच मातीत बसलो.

"तात्या, मला एका शब्दानं सांगायचं होतं," मी म्हणालो. "नंतर. वेशीबाहेर. मी नसती घेतली."

"चहा पिला व्हता," ते म्हणाले. जणू त्यात सगळं आलं. मग म्हणाले, "आन् तुमी न्हाई घेतली तर दुसऱ्यानं घेतली आसती. त्याला बी पोरगी आसंलच की. न्हाईतर वरातीत गेली आसती, नवरानवरीसकट. शेठला ठावं न्हवतं. त्यानं बी घेताना कुनाचा तरी चहाच पिला आसंल." नंदाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी माफी मागितली असेन. काय बोललो आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मान वर केली तेव्हा अण्णा आंब्याखाली गेलेले होते. त्यांनी गाडीच्या मागच्या अर्ध्या भागाचं दार रीतसर उघडलं, धोतर सावरलं, आत शिरले आणि मागच्या सीटवर टेकून बसले. समोर ड्रायव्हर नाही, काच नाही, नुसतं अंगण. एक कोंबडी पायापाशी. तीस वर्षं दुसऱ्यांना मागे बसवलेला माणूस डोळे मिटून बसला होता, आणि मी रडत होतो.

घरातून तात्यांची बायको आली. हातात ताट होतं. मला वाटलं, ताक. पण कपातून वाफ येत होती. तात्यांनी ते पाहिलं. ती कुणाकडेही न बघता अण्णांपाशी गेली, त्यांना कप दिला, मला दिला, आणि तिसरा कप नवऱ्यापुढे धरून उभी राहिली.

तात्यांनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. तो तसाच ओट्यावर ठेवून ते कुंपणाकडे गेले आणि दोन दगड उचलून घेऊन आले. मागून, लांबून वळसा घालून आंब्याखाली आले. अण्णा ज्या अर्ध्या गाडीत बसले होते तिच्या दोन्ही चाकांना दगड होतेच. तात्यांनी त्यांच्याशेजारी आणखी एकेक लावला आणि पायानं दाबून घट्ट केला.

"तात्या, आता अर्धी गाडी कुठं जाणार?" मी डोळे पुसत म्हणालो.

"मानूस बसलंय ना तिच्यात," ते म्हणाले, आणि मग ओट्यावर जाऊन चहाचा कप उचलला.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली बंगळूरला झाली. तात्यांना मी पुन्हा पाहिलं नाही. आता माझ्याकडे नवीकोरी गाडी आहे, मुक्ता ती चालवते. सोसायटीच्या तळघरात, सपाट फरशीवर ती उभी असते. रोज सकाळी मी खाली जातो आणि कुणी बघत नाही असं पाहून तिच्या चाकाखालचा दगड काढतो.